येन, युरो आणि मराठी

२००३-०४ च्या सुमारास दादर, परळ किंवा गिरगावातल्या एखाद्या सायबर कॅफेत मराठी पान उघडलं, की पुष्कळदा पडद्यावर अक्षरांऐवजी कुठल्या तरी परदेशी सराफाची चोपडी उघडल्यासारखं वाटे. 'मराठी' एवढा एकच शब्द घेतला तरी त्याची पंधरा चिन्हं होत. डोक्यावर तिरपा फटका असलेला रोमन 'ए' पाच वेळा येई आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा ¤ असं एक फुलीवजा वर्तुळ असे. 'म'च्या वाट्याला नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा ® येई, 'र'ला तापमानाचा °, कान्याला पाऊण म्हणजे ¾, आणि 'ठ'च्या जागी नुसती मोकळी जागा. शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या ठिकाणी जपानचा ¥ आणि युरोपचा € हातात हात घालून उभे असत.

गिऱ्हाईक म्हणे, 'पान बिघडलंय.' कॅफेवाला म्हणे, 'व्हायरस असेल.' प्रत्यक्षात पानाला काहीच झालेलं नसे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन आकड्यांत साठवतात. पहिला आकडा कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५ आणि तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. हे आकडे सर्व्हरवरून निघून समुद्राखालच्या केबलमधून गिरगावपर्यंत एकही न गळता पोचलेले असत. चुकलेलं असे ते फक्त सोबतच्या चिठ्ठीवर. सर्व्हर प्रत्येक पानाआधी ब्राउझरला एक चिठ्ठी पाठवतो आणि आत कुठल्या लिपीसंचातला मजकूर आहे हे तिच्यात लिहितो. तिथं पश्चिम युरोपच्या लिपीसंचाचं नाव, आयएसओ-८८५९-१, लिहिलेलं असे. ब्राउझर बिचारा सांगितलं तसं करी आणि १७४ म्हणजे ® असं त्या कोष्टकात पाहून तोच छापून मोकळा होई.

चिठ्ठ्यांची ही पद्धत वेबच्या सुरुवातीच्या वर्षांतली. ब्राउझरनं पान मागताना आपल्याला काय चालेल ते सांगायचं: चित्रं कुठल्या प्रकारची, लिपीसंच कुठला, भाषा कुठली. सर्व्हरनं आपल्याकडचा त्यातल्या त्यात जुळणारा माल द्यायचा. एकाच पत्त्यावर फ्रेंच माणसाला फ्रेंच पान मिळावं आणि जपान्याला जपानी, अशी ही वाटाघाट. मे १९९६ मध्ये एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संभाषणाच्या नियमांच्या, १.० आवृत्तीचा दस्तऐवज निघाला, जानेवारी १९९७ मध्ये १.१ चा. या वाटाघाटीचे नियम दुसऱ्यात बारकाईनं लिहिलेले होते. लिपीसंचाचं नाव नसेल तर पश्चिम युरोपचाच धरावा, हेही त्यातच होतं. मुंबईतल्या मराठीचं घोडं पुढची दहा वर्षं अडलं ते बरंचसं याच गृहीतकावर.

मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. निगमचं मुख्यालय फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावरच्या विदेश संचार भवनात होतं. निगमची दुसरी मोठी इमारत, लोकमान्य विदेश संचार भवन, प्रभादेवीत कीर्ती कॉलेजच्या समोर. तिथल्याच काशिनाथ धुरू मार्गावर अशोकच्या वडापावसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांना पाठीमागच्या इमारतीत काय चालतं याचा फारसा पत्ता नसे. शहराचं नाव नुकतंच 'मुंबई' झालं होतं, पण निगमच्या ई-मेल पत्त्यात 'गियास-बीएम-०१' अशीच अक्षरं राहिली. बीएम म्हणजे बॉम्बे. गिरगाव चौपाटीच्या वरच्या अंगाला, मलबार हिलवर राहणारे अभिनेते शम्मी कपूर हे त्या पहिल्या पिढीतले सर्वांत नावाजलेले वापरकर्ते. 'इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडिया' त्यांनीच उभी केली. विद्यार्थ्यांना पाचशे रुपयांत जे शेल खातं मिळे त्यात चित्रं नव्हती, फॉन्ट नव्हते, नुसती काळ्या पडद्यावरची रोमन अक्षरं. तिथं मराठीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला वर्तमानपत्रांमुळं. मुंबईची मराठी पत्रकारिता दक्षिण मुंबई ते दादर याच पट्ट्यात वाढलेली. 'नवाकाळ' गिरगावात खाडिलकर रोडवर, 'सामना' प्रभादेवीला, 'महाराष्ट्र टाइम्स' बोरीबंदरासमोर, 'लोकसत्ता' नरिमन पॉइंटला. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तो कोलभाट गल्लीत. निर्णयसागरचे देवनागरी खिळे हिंदुस्थानभर नावाजले गेले. ज्या भागानं अक्षरं स्वतः ओतली, घासली, विकली, त्या भागात आलेल्या संगणकात देवनागरीचं एकही अक्षर नव्हतं.

मग जे झालं ते अस्सल मुंबईकर जुगाड होतं. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट तयार झाले. शिवाजी, किरण, शुषा, सी-डॅकचा डीव्ही-टीटी-योगेश, आकृती आणि श्रीलिपीचे आपापले संच. संगणकाच्या दृष्टीनं मजकूर इंग्रजीच, फक्त 'के'च्या पोटात 'क'चं चित्र. पूर्ण अक्षर, अर्धं अक्षर, काना, वेलांटी, रफार असे तुकडे शेजारी-शेजारी लावायचे. जुना कंपोझिटर हे पाहून चक्रावला नसता, कारण खिळ्यांच्या केसमध्ये तो हेच करत आला होता. 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी, मग 'क'. डोळ्यांना ठीक दिसे, शोधयंत्राला मात्र काही सापडत नसे. शिवाय एकाच्या फॉन्टमध्ये जिथं 'क' तिथं दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये 'ज्ञ' असला तरी त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

या काळात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात मराठीवरून वाटाघाट झालीच नाही. होणार कशी? सर्व्हर म्हणे 'इंग्रजी आहे', ब्राउझर म्हणे 'मला इंग्रजीच हवं होतं', आणि दोघेही समाधानानं वाचकाच्या पडद्यावर रोमन अक्षरांचा खिमा वाढत. वाचकानं आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, संगणकात बसवायचा, मग पेपर वाचायचा. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्याला एवढी उसंत कुठली? आणि फॉन्ट बसवायची परवानगी कॅफेवाला देईलच याचीही खात्री नव्हती.

त्यावर १९९७ च्या सुमाराला तोडगा निघाला तो फॉन्ट पानासोबतच पाठवण्याचा. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपनं बिटस्ट्रीम कंपनीचं तंत्र घेतलं, मायक्रोसॉफ्टनं आपल्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी स्वतःचं वेगळं आणलं. एकाची फाईल दुसऱ्याला चालत नसे, म्हणून संकेतस्थळं दोन्ही बनवून ठेवत. नेटस्केपवाल्याला एक, एक्सप्लोररवाल्याला दुसरी. वाटाघाट खरी सुरू झाली ती इथं, आणि तीही भाषेवरून नव्हे, फॉन्टच्या फाईलवरून.

दुसरी भानगड याच वेळी डोकं वर काढू लागली. फॉन्टची फाईल जड, लाइन सुस्त. म्हणून ब्राउझर एकदा उतरवलेली फाईल आपल्या कोठारात ठेवून देई. उद्या संकेतस्थळानं फॉन्ट सुधारला, चार जोडाक्षरांच्या जागा बदलल्या आणि फाईलचं नाव तेच ठेवलं, तर वाचकाकडं नवा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उघडे. बहुतेक अक्षरं बरोबर आणि मधेच एखादा 'श्र' भलत्याच जागी. संपूर्ण गोंधळापेक्षा हे वाईट, कारण वाचक दोष मुद्रितशोधकाला देई.

कोठारं एकट्या ब्राउझरचीच नव्हती. मोठ्या कॅफेंत आणि इंटरनेट पुरवठादारांकडं मधला एक प्रॉक्सी सर्व्हर असे. एका गिऱ्हाइकानं मागवलेलं पान तो ठेवून घेई आणि पुढच्याला तेच देई. परदेशी लाइनचा पैसा वाचावा हा हेतू. या कामासाठी स्क्विड हा फुकट मिळणारा प्रोग्राम प्रसिद्ध होता. पान शिळं कधी झालं हे मूळ सर्व्हरनं सांगितलं नसेल तर स्क्विड अंदाज बांधे. त्याचा ठरीव हिशेब असा: पान शेवटचं बदलून जितका वेळ झाला असेल, त्याच्या वीस टक्के वेळ ते अजून ताजं मानायचं, फार तर तीन दिवस.

आता हा हिशेब रविवारच्या पुरवणीला लावून पाहावा. समजा पुरवणीचं पान दर रविवारी पहाटे चारला त्याच पत्त्यावर बदलतं. लालबागमधल्या कोणी ते शनिवारी रात्री नऊला उघडलं. पान बदलून १६१ तास झालेले. त्याचे वीस टक्के ३२ तास. म्हणजे सोमवारी पहाटे पाचपर्यंत त्या प्रॉक्सीमागच्या प्रत्येकाला गेल्या रविवारचीच पुरवणी दिसणार. रविवार सरला तरी नवी पुरवणी यायची नाही, आणि संपादकांच्या संगणकावर मात्र ती ठणठणीत दिसत असणार. यात बिघाड कुठंच नाही. प्रत्येक यंत्र नियमाप्रमाणं वागतंय.

कॅफेत बसणाऱ्यांनी यावर उतारा शोधला तो बोटांचा. 'कंट्रोल दाबून एफ-फाइव्ह मार' हे वाक्य एक पिढी बोलत आली. त्यामुळं ब्राउझर कोठाराकडं न बघता आणि मधल्या प्रॉक्सीलाही बाजूला सारून थेट मूळ सर्व्हरकडं जाई. तोड मात्र काढली संकेतस्थळांनी. 'लोकसत्ता'च्या त्या काळच्या पत्त्यांत तारीखच असे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सलग आठ आकडे. दर दिवसाचा पत्ता वेगळा, म्हणून कालचं पान आजच्या नावावर खपण्याची सोयच उरली नाही. कोठाराशी वाद घालण्यापेक्षा पत्ता बदलणं सोपं, ही युक्ती पुढं भाषेच्या बाबतीतही कामाला आली.

तोवर जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारं युनिकोड आलं होतं; यूटीएफ-८ हे त्याचंच एक रूप. कागदावर ते १९९१ पासूनच होतं आणि पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोजवर ती आली विंडोज २००० बरोबर, 'मंगल' नावाच्या फॉन्टमध्ये. तो काढला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रात गाजलेले, आयआयटीत शिकवणारे, आणि सर जे. जे.चे विद्यार्थी. फॉन्टचं नाव त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीचं ठेवलं. जगातल्या कोट्यवधी पडद्यांवर देवनागरी पहिल्यांदा उमटली ती या अक्षरवळणात, आणि त्यामागचा माणूस निम्म्या मुंबईला ठाऊक नसावा, याला काय म्हणावं? जोशी फेब्रुवारी २००८ मध्ये गेले.

विंडोज एक्सपीत मंगल असूनही अडचण होतीच. जोडाक्षरं नीट दिसायची तर सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करावी लागे. ती केली की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. गल्लीतल्या कॅफेत मूळ सीडी! तिथं बहुतेकांचा विषय संपे.

ज्यांचा संपत नसे त्यांच्यापुढं येन-युरोची जत्रा उभी राही. तिचं मूळ असं: फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या सुरक्षातज्ज्ञांनी एक इशारा दिला होता. पानात घातक मजकूर घुसवून वाचकाला फसवता येतं, आणि लिपीसंच सांगितलेला नसला तर हे काम आणखी सोपं होतं. तेव्हा जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर होता अपाची. त्याच्या मंडळींनी लगेच लिपीसंच ठोकून सांगणारी एक आज्ञा आणली. पुढं अपाची २.० च्या तयार सेटिंग-फाईलमध्ये ती सुरूच ठेवलेली होती, आणि तिच्यापुढं लिहिलं होतं आयएसओ-८८५९-१. हेतू सुरक्षेचा, फटका मराठीला. हिंदी, तमिळ, रशियन, सगळेच त्यात सापडले. पानाच्या आत लेखकानं 'हे यूटीएफ-८ आहे' असं कितीही ठळक लिहिलेलं असो, एचटीएमएलच्या नियमानुसार सर्व्हरची चिठ्ठी त्याच्या वर. म्हणजे पाकिटावरचा मजकूर आतल्या पत्राला खोटं पाडे.

उपाय एका ओळीचा होता. आपल्या फोल्डरातल्या सेटिंग-फाईलमध्ये यूटीएफ-८ लिहायचं. ती ओळ सापडायला लोकांना महिने लागले, कारण सर्व्हर कुठं तरी परदेशात भाड्यानं घेतलेला आणि त्याच्या मदतकेंद्राला देवनागरी म्हणजे काय तेच समजावावं लागे. आणि ती ओळ लिहून झाल्यावर खरी गंमत. दुरुस्ती करणाऱ्याला पान झकास दिसे, नव्या वाचकांना दिसे, जुन्या वाचकांना मात्र तोच कचरा. का? जुन्या वाचकाच्या ब्राउझरकडं पान साठवलेलं असे, जुन्या चिठ्ठीसकट. तो सर्व्हरला विचारी, 'अमुक तारखेनंतर फाईल बदलली का?' फाईल बदललेली नसे, बदललेली असे ती फक्त सर्व्हरची सेटिंग. सर्व्हर प्रामाणिकपणं ३०४ असा क्रमांक पाठवी, म्हणजे 'बदल नाही'. या उत्तरासोबत लिपीसंच कळवण्याची रीत नाही. मग ब्राउझर जुनं पान जुन्या चिठ्ठीप्रमाणं पुन्हा वाची. सर्वांत चांगला वाचक, म्हणजे रोज येणारा, त्याचंच पान सर्वांत उशिरा सुधारे. जाणकार यावर फाईल उघडत, कुठं तरी एक मोकळी जागा टाकत आणि पुन्हा साठवत. तारीख बदलली की ३०४ चं दुष्टचक्र तुटे.

भाषेची वाटाघाट तर याहून दुबळी निघाली. अपाचीच्या त्याच सेटिंग-फाईलमध्ये भाषांची एक पसंतीक्रमाची यादी होती. इंग्रजी, कातालान, चेक, डॅनिश, जर्मन अशी ती सुरू होई. तिच्यात एस्परांतो होती, लक्झेंबर्गची भाषा होती. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. अर्थात यादीत भर घालायला कुणाची बंदी नव्हती, पण घालून उपयोग? मुंबईतल्या संगणकावर विंडोज बसे ती अमेरिकी इंग्रजीत, आणि ब्राउझर प्रत्येक सर्व्हरला 'मला अमेरिकी इंग्रजी हवी' असंच सांगत जाई. परळच्या चाळीतल्या, घरात इंग्रजीचा शब्द न बोलणाऱ्या माणसाच्या वतीनं तो असं सांगे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पानं ठेवणाऱ्या संस्थेनं ही वाटाघाट प्रामाणिकपणं राबवली असती, तर तिचं मराठी पान कुणालाच दिसलं नसतं.

त्यातून कुणी मराठी मागितलीच, तर मधलं कोठार घात करी. पत्ता एक, पानं दोन. पहिल्यानं इंग्रजी मागितलं की प्रॉक्सी ते ठेवून घेई आणि दुसऱ्याला तेच देई. यासाठी एचटीटीपी १.१ मध्ये 'व्हॅरी' नावाची सूचना होती. 'हे पान भाषेनुसार बदलतं, सरसकट देऊ नका' असं सर्व्हरनं कोठाराला सांगायचं. पण इंटरनेट एक्सप्लोररच्या त्या काळच्या आवृत्त्यांना ही सूचना धड कळत नसे. ती दिसली की ते पान साठवायचंच नाकारत, म्हणजे प्रत्येक वेळी सगळं पुन्हा उतरवायचं. अपाचीच्या माहितीपुस्तकात तर काही ब्राउझरांसाठी ही सूचना काढूनच टाकण्याची सोय नोंदवलेली आहे.

१ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि त्यानं या साऱ्या फंदात न पडता भाषा पत्त्यातच घातली. सुरुवातीला 'एमआर' ही दोन अक्षरं, पुढं विकिपीडिया. इंग्रजीचा पत्ता वेगळा, मराठीचा वेगळा, कोठारात दोन्हींची गल्लत होण्याचा प्रश्न मिटला. ते बरंच झालं, कारण २००४ पासून विकिपीडियाच स्वतःच्या पानांपुढं स्क्विडची कोठारं लावू लागला. लेखांची नावंही देवनागरीत असल्यामुळं एक नवाच ताप झाला. पत्ता कुणाला पाठवायला उचलला की प्रत्येक अक्षराचे ते तीन आकडे टक्केचिन्हांसकट उघडे पडत. 'मराठी' या पाच चिन्हांचे पंचेचाळीस होत. ई-मेलमध्ये ओळ तुटे, आणि अर्ध्या पत्त्यावर टिचकी मारणारा रित्या हातानं परते.

पुढच्या काही वर्षांत वर्तमानपत्रंही एकेक करून युनिकोडवर आली. सरकारी आणि संस्थांच्या स्थळांवर कोपऱ्यात 'मराठी | इंग्रजी' असं बटण आलं. ब्राउझरला विचारायचं नाही, माणसालाच विचारायचं. गूगलनंही पुढं हाच सल्ला दिला, भाषेगणिक पत्ता वेगळा ठेवा. त्याचं स्वतःचं शोधयंत्र पान मागताना भाषा सांगतच नाही, मग एकाच पत्त्यामागं लपलेलं मराठी पान त्याला सापडणार कसं?

वाटाघाट संपली नाही, तिनं जागा बदलली. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटानं काढलेला 'मुक्ता' आज अनेक मराठी स्थळांवर दिसतो, तो बहुधा गूगलच्या सर्व्हरवरून येतो. तिथं ब्राउझरची ओळख पाहून एकाला एका प्रकारची फाईल मिळते, दुसऱ्याला दुसऱ्या. देवनागरी आणि रोमन अक्षरांचे तुकडेही वेगवेगळे करून ठेवलेले असतात, लागेल तो उचलायचा. एका स्थळावर उतरलेला फॉन्ट दुसऱ्या स्थळावर आपोआप कामाला येई, हा त्या व्यवस्थेचा मोठा फायदा मानला जाई. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोमच्या ८६ व्या आवृत्तीनं तो संपवला. कोण कुठं फिरून आला हे कोठारातल्या फाईलींवरून ओळखता येतं, म्हणून आता प्रत्येक स्थळासाठी कोठार वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये फायरफॉक्सनंही तेच केलं.

लिपीसंच मागण्याची ती जुनी सूचना ब्राउझरांनी पाठवणंच सोडून दिलं, आणि जून २०२२ च्या एचटीटीपीच्या नव्या दस्तऐवजात ती अधिकृतपणं मोडीत निघाली. भाषेची सूचना मात्र अजून चालू आहे. फोनची भाषा मराठी ठेवलेल्याचा ब्राउझर आज प्रत्येक सर्व्हरला आधी मराठी मागतो, मग इंग्रजी. बहुतेक सर्व्हर ती मागणी वाचत नाहीत आणि कोपऱ्यातलं बटण दाखवतात.